रुतलेला केस

आमच्या भाऊजींच्या शर्टांच्या कॉलरी मी जवळजवळ दोन वर्षे वेगळ्या भिजवत होते. थंड पाणी, त्यात मूठभर मीठ, अर्धा तास. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की पक्का बसतो, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. डाग तरी केवढे, तर मोहरीएवढे. पण रोज. गळ्याच्या डाव्या बाजूला चार, उजवीकडे दोन-तीन. आधी वाटले, नवी नोकरी आहे, घाईत दाढी करताना कापत असेल. पण दोन वर्षे रोज कुणाला कापते का?

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय सव्वीस. बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षक आहेत. रोज गाडीने जाणे-येणे. (आमच्या सिंदीच्या नावातच कंसात ‘रेल्वे’ आहे, तेव्हा गाडीवाचून आमचे पानही हलत नाही.) तिथला नियम असा, की गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाची दाढी रोज घोटलेली हवी. भाऊजींचे केस कुरळे, दाढीही कुरळी आणि दाट. म्हणून ते गालाची कातडी ताणून एकदा सरळ आणि एकदा उलटा हात मारून अगदी गुळगुळीत दाढी करायचे. संध्याकाळी घरी येईपर्यंत जबड्याखाली आणि गळ्यावर लाल, टणक पुटकुळ्यांची रांग उठलेली असायची. त्यावरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाते फिरले की पुटकुळ्यांची डोकी उडायची आणि ते रक्त माझ्याकडे धुण्यात यायचे.

घरात प्रत्येकाचे निदान वेगळे. ह्यांचे मत, ब्लेड स्वस्तातले आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, रक्त शुद्ध करायचे औषध द्या. सासूबाईंचे ठरलेले, “उष्णता हाय बाप्पा पोराच्या अंगात. केसतूडं होय ते. कडुलिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिसात बसते.” पाला लावला, हळद लावली, तुरटी तर रोजच फिरत होती. पुटकुळ्या काही बसल्या नाहीत. उलट जुन्या बसायच्या तिथे काळे डाग उरायला लागले आणि हनुवटीच्या खाली दोन ठिकाणी हाताला लागतील अशा गाठी झाल्या.

अशात सेलूचे एक स्थळ आले. मुलगी शिकलेली, मंडळी चांगली. भाऊजी घाबरले आणि एका मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब घेऊन आले. खाज, पुरळ, गजकर्ण, मुरूम, सगळ्यावर एकच. आणि खरे सांगते, जादू झाली! आठ दिवसांत चेहरा साफ. काळे डागही फिकट झाले. सेलूला कांदेपोहे झाले, हसणेखिदळणे झाले. मीसुद्धा त्या ट्यूबचे नाव माझ्या बहिणीला कळवले, याची आज लाज वाटते.

दोन महिन्यांनी ट्यूब संपली की चेहरा पेटायला लागला. लावली की शांत, थांबवली की पुन्हा आग. उन्हात निघाले की गाल लालबुंद. पुटकुळ्या पहिल्यापेक्षा जास्त. आणि कानाखाली एक गोल चट्टा उठला. कड लाल, मध्ये बरा, आणि खाज अशी की रात्री झोप नाही. तो हळूहळू मानेकडे सरकला. सेलूच्या मंडळींपैकी कुणीतरी त्यांना गाडीत पाहिले असावे. मध्यस्थाचा फोन आला. आडून आडून विचारले, “मुलाला काही लागट दुखणं तर नाही ना?”

ज्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली, त्याच जिल्ह्यात अजूनही कातडीवर काही दिसले की पहिला प्रश्न हाच येतो. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण केले नाही.

शेवटी मीच म्हटले, सेवाग्रामला दाखवू. “मलाही वर्ध्याला थोडी खरेदी आहे, मी येते सोबत.” ते अर्धसत्य होते. त्याचे पुढे सांगते.

कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोगाच्या विभागात आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी भिंग घेऊन भाऊजींचा गळा बराच वेळ पाहिला. मग निर्जंतुक सुई घेतली आणि एका पुटकुळीशेजारी अलगद घालून वर उचलली. आणि काय सांगू, आतून एक काळा केस कमानीसारखा वर आला! त्याचे एक टोक मुळाशी आणि दुसरे टोक कातडीत घुसलेले. तो त्यांनी उपटला नाही, नुसता मोकळा केला.

“शेतात बाभळीचा काटा रुतला तर काय होतं?” त्यांनी भाऊजींना विचारले. “सुजतं, ठणकतं, पू होतो. तसंच हे. फरक एवढाच, की हा काटा तुमच्याच अंगचा आहे आणि तुम्हीच रोज त्याला टोक काढता.”

दोन वर्षांचे कोडे एका वाक्यात सुटले. हे मुरूम नव्हेत आणि उष्णताही नव्हे. केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी जंतू शिरून झालेला मोठा, पुवाचा फोड. इथे मात्र सुरुवात जंतूंपासून होत नाही. कुरळा केस कापला की त्याचे टोक भाल्यासारखे तिरपे आणि तीक्ष्ण होते. तो बाहेर येऊन जरा वाढला की आपल्या स्वभावाप्रमाणे वळतो आणि शेजारच्या कातडीत शिरतो. हा एक प्रकार. दुसरा प्रकार त्याहून लबाड. कातडी ताणून, उलट्या दिशेने, पुन्हा पुन्हा पाते फिरवले, की केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्ये तर पहिले पाते केस ओढते आणि पुढचे तो कापते. मग उरलेला बुंधा आत मागे सरतो आणि वाढताना बाहेर यायची वाट सोडून बाजूची भिंत फोडतो. म्हणजे ज्या घोटीव दाढीचे आपण कौतुक करतो, तिच्यातच हे दुखणे आहे. शरीर त्या केसाला परका समजून त्याच्याभोवती सूज आणते. सूज पुन्हा पुन्हा आली की आधी काळा डाग पडतो, मग कायमचा वण राहतो.

सरळ केसांच्या माणसांना हा त्रास कमी, कुरळ्या केसांच्यांना फार. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत तो सर्वांत जास्त आढळतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात पिझ्झा पोचवणाऱ्या एका कृष्णवर्णीय कामगाराला ह्याच कारणाने दाढी ठेवली म्हणून काम गमवावे लागले होते. प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि १९९३ मध्ये निकाल लागला, की दाढीबंदीची खरी गरज काय, हे कंपनीला दाखवता आलेले नाही. तिथल्या हवाई दलाने २०२० मध्ये अशा सैनिकांना पाच वर्षांपर्यंत दाढीची सवलत द्यायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सैन्यदलांचे नियम पुन्हा कडक झाले. एका पुटकुळीवरून न्यायालये आणि सरकारे भांडतात, मग आमचा सुपरवायझर कुठे लागून गेला!

आता त्या ट्यूबबद्दल. डॉक्टरांनी कानाखालच्या चट्ट्याची किंचित खपली खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ते गजकर्ण निघाले, म्हणजे बुरशी. ते वाढवले होते आमच्या जादूच्या ट्यूबने. त्या ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि सोबत एक तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड सूज आणि लाली झटकन दाबते, म्हणून बरे वाटते. पण ते कातडीची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशीला रान मोकळे होते. शिवाय चेहऱ्याची कातडी पातळ पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमांसारखे फोड येतात, आणि कातडीला त्या औषधाची सवय लागते.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांना तपासले, तेव्हा त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. शंभरात पंधरा! आपल्या बायकांत तर ‘गोरं होण्याची क्रीम’ म्हणून ह्याच जातीची ट्यूब फिरते. मुळात १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस ह्या अमेरिकी डॉक्टरांनी डागांसाठी तीन औषधांचे एक मिश्रण सुचवले, त्यात एक स्टेरॉइड होते. असे मिश्रण डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजक्या दिवसांसाठी वापरायचे. आपण ते पावडरसारखे वर्षानुवर्षे लावतो. सरकारने २०१८ मध्ये लावण्याची चौदा स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केलेल्या यादीत घातली. नियम आहे, पण काउंटरवर चिठ्ठी कोण विचारते? तेव्हा ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन असले काही लिहिलेले दिसले, तर आपल्या मनाने ती चेहऱ्याला लावू नका. आणि लावत असाल तर थांबवताना डॉक्टरला विचारा, कारण बंद केल्यावर काही दिवस आग आणि लाली वाढते. त्या दिवसांत धीर सुटला की हात पुन्हा ट्यूबकडे जातो. भाऊजींचा दोनदा गेला. दोन्ही वेळा सासूबाईंनी ट्यूब हिसकावून घेतली आणि शेवटी फेकून दिली.

आता जे लिहिते आहे ते लिहावे की नाही, ह्याचा मी आठवडाभर विचार केला.

भाऊजींना तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारले, “रेझर तुमचा एकट्याचाच ना? घरात दुसरं कोणी वापरत नाही?” भाऊजी म्हणाले, “नाही, माझा एकट्याचाच.” मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तीनेक वर्षांनी माझ्या हनुवटीवर चार केस आले. जाड, काळे. आधी चिमट्याने उपटले. मग चाराचे दहा झाले. पार्लरमध्ये भुवयांबरोबर तिथेही दोरा फिरवून घेऊ लागले, पण दर आठ दिवसांनी जाणार कुठे, आणि सिंदीसारख्या गावात त्या बाकावर शेजारी कोण बसलेले असेल ह्याचा नेम नाही. मग एकदा भाऊजी रात्रपाळीला असताना त्यांचा रेझर हाती घेतला. एकदा घेतला तो घेतलाच. सगळे उठायच्या आत, न्हाणीघराचे दार लावून. पुढे माझ्याही हनुवटीखाली तशाच पुटकुळ्या, तसेच काळे ठिपके. शाळेत जाताना वर पावडर. नववीच्या वर्गात एक मुलगी निरागसपणे म्हणाली, “मॅडम, तुम्हाला पण मुरूम येतात?” मी फळ्याकडे वळले.

ह्यांनासुद्धा हे माहीत नव्हते. दहा वर्षांच्या संसारात मी नवऱ्यापासून दुसरे काहीही लपवलेले नाही.

आम्ही बाहेर आलो, औषधाच्या रांगेत भाऊजी उभे राहिले, आणि मी परत आत गेले. डॉक्टरांना म्हटले, “तो रेझर मीही वापरते.” आणि पदराने पावडर पुसून हनुवटी पुढे केली.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “बसा. आज ह्या तक्रारीच्या तुम्ही चौथ्या.” मग पाळी नियमित येते का, वजन किती वाढले, घरात मधुमेह कुणाला, आवाजात काही फरक, डोक्यावरचे केस विरळ झालेत का, असे सगळे विचारले. माझी पाळी दोन-दोन महिने लांबत होती, ते मी शाळा आणि घर ह्यांच्या धावपळीवर ढकलले होते. त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. अंडाशयाचा तो विकार, ज्याला आता सगळे पीसीओएस म्हणतात, त्याची शंका होती. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेन्थल ह्या दोन डॉक्टरांनी तो प्रथम नीट मांडला. त्यात शरीरातली पुरुषी संप्रेरके जरा जास्त काम करतात आणि हनुवटी, ओठांवर, पोटावर जाड केस येतात. काही बायकांत तपासणीत काही सापडत नाही, तरी केस येतात. पण केस अचानक, महिन्या-दोन महिन्यांत भराभर वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर मात्र एक दिवसही न थांबता दाखवावे, असे त्यांनी बजावले.

मी घाबरत विचारले, “रेझर फिरवला म्हणून तर वाढले नाहीत ना?” कारण आपल्याकडे सगळ्यांचीच पक्की समजूत आहे, की वस्तरा लागला की केस राठ येतात. त्या म्हणाल्या, नाही. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर ह्या संशोधक बाईंनी १९२८ मध्येच मोजून पाहिले होते, दाढीने केस ना जाड होतो ना जास्त वाढतो. कापलेले टोक बोथट लागते, म्हणून राठ वाटतो, इतकेच. उलट हनुवटीवर उपटण्यानेच त्रास जास्त होतो. केस आतल्या आत तुटतो आणि नवा येताना वाट चुकून आत रुततो. मी चिमट्याने कोरून कोरून जे केस काढत होते, ते डाग आणि खड्डे मीच पाडत होते.

आणि रेझर? पात्यावर दिसणार नाही एवढ्या रक्तातूनही हिपॅटायटिस ‘बी’ची कावीळ पसरू शकते. आम्हा दोघांच्याही त्या तपासण्या झाल्या. चांगल्या आल्या. पण निकाल येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक.

भाऊजींना मी हे सेवाग्राम स्टेशनवर गाडीची वाट बघताना सांगितले. ते थोडा वेळ रुळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तरीच वहिनी, पातं इतक्या लवकर बोथट होत होतं.” त्यावर आम्ही दोघेही इतके हसलो, की बाकावरच्या आजीबाई वळून बघायला लागल्या.

आता उपायाचे सांगते, कारण बऱ्याच जणींना तेच हवे असेल. पहिला उपाय फुकट आहे आणि म्हणूनच कठीण आहे. दाढी थांबवायची. निदान चार आठवडे पाते लावायचे नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांत त्रास वाढल्यासारखा वाटतो, कारण आखूड केस अजून रुततच असतात. मग ते जरा लांब झाले की कमान आपोआप सुटते आणि टोक बाहेर येते. ह्या दिवसांत कोमट पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवायची, मऊ कापडाने केसांच्या दिशेला आडवे, गोल असे हलके चोळायचे. कमान दिसत असेल तरच, उकळून घेतलेल्या सुईने ती अलगद वर घ्यायची. उपटायचे नाही आणि दिसत नसेल तर खणायचे नाही. ही खणण्याची हौस आपल्या बायकांना फार, म्हणून पुन्हा सांगते.

सूज बसल्यावर ज्याला दाढी ठेवणे चालेल त्याने ती ठेवावी. नाही चालत त्याने मशीनने म्हणजे ट्रिमरने एक मिलिमीटरभर खुंट राहतील अशी कापावी. रेझरच हवा असेल तर आंघोळीनंतर, केस मऊ असताना, भरपूर फेस लावून, एका पात्याचा, नवे पाते, केसांच्या दिशेने एकच हात. कातडी ताणायची नाही, राहिलेल्या खुंटांवर पुन्हा फिरवायचे नाही. न्हाव्याकडे बसलात तरी हेच सांगायचे आणि नवे पाते डोळ्यांसमोर लावायला सांगायचे. “उलटा मारू नका,” म्हटल्यावर आमच्या सलूनवाल्यांना आधी अपमान वाटला, असे भाऊजी सांगत होते.

केस काढायच्या क्रीमने टोक बोथट राहते, म्हणून काहींना ते मानवते, पण चेहऱ्यावर भाजल्यासारखेही होऊ शकते. आधी कोपराच्या आत थोडे लावून एक दिवस पाहावे. रात्री लावायची ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडॅपलीन, जंतूंसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा क्लिंडामायसिन, ही औषधे डॉक्टर लिहून देतात. ट्रेटिनॉइनच्या जातीची औषधे दिवस गेलेले असताना किंवा मूल हवे असताना लावायची नसतात, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. काळ्या डागांसाठी सर्वांत स्वस्त औषध म्हणजे ऊन टाळणे.

कायमचा म्हणावा असा उपाय लेझरचा. त्याला सहा-आठ बैठका लागतात, पैसा लागतो, आणि माझ्यासारखीच्या केसांना आतून संप्रेरकांचा जोर असेल तर अधूनमधून पुन्हा जावे लागते. आपल्या सावळ्या कातडीला कोणता लेझर चालतो हे कळणारा डॉक्टर हवा. लांब लहरींचा एनडी-याग नावाचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. चुकीच्या हातात कातडी भाजते आणि डाग काढायला गेलेली बाई नवे डाग घेऊन येते. नुसती बारीक लव असेल तिथे लेझर मारल्याने क्वचित केस उलट वाढतात, म्हणून गालावरच्या लवेसाठी लग्नाआधी लेझर करण्याच्या भरीस मुलींना पाडू नये. लेझरच्या आधी महिनाभर उपटणे आणि दोरा बंद, कारण लेझरला मुळाशी केस लागतो.

मला लेझर सध्या परवडण्यासारखा नाही. मी छोटी बोथट कात्री वापरते आणि पोटात गोळ्या सुरू आहेत. त्यांचा गुण दिसायला सहा महिने लागतात, असे आधीच सांगितले आहे.

मानेचे एक सांगायचे राहिले. माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या मानेवर, केस संपतात त्या रेषेवर, अशाच टणक पुटकुळ्या आहेत. हल्ली मागून ‘झिरो मशीन’ मारायची पद्धत आहे, वर शाळेच्या शर्टाची ताठ कॉलर. डॉक्टरांना विचारले तर त्या म्हणाल्या, हे त्याच घराण्यातले पण जास्त द्वाड दुखणे आहे. वयात आलेल्या मुलग्यांत सुरू होते, दुर्लक्ष केले तर पुटकुळ्या एकमेकींना मिळून जाड, रबरासारखा पट्टा होतो आणि तिथले केस कायमचे जातात. सुरुवातीला आले तर गोळ्या, मलम आणि गाठीत द्यायच्या इंजेक्शनने आटोक्यात राहते. मी दोघांच्याही आयांना निरोप दिला. एक आली. दुसरी म्हणाली, वयाच्या पुळ्या आहेत, जातील.

आणि जाड वण म्हणजे केलॉइड. ह्या शब्दाच्या मुळाशी खेकड्याच्या नांगीचा ग्रीक शब्द आहे, कारण तो वण जखमेची हद्द ओलांडून बाजूला नांग्या टाकत पसरतो. आपल्याकडे कान टोचल्यावर, छातीवरच्या पुळीवर, दंडावरच्या बीसीजीच्या जागी तो होतो, आणि दाढीच्या पुटकुळ्यांवरही. शेजारच्या काकूंच्या कानाच्या पाळीला वरच्या टोचणीच्या जागी बोराएवढी गाठ होती. एका ठिकाणी ती नुसती कापून घेतली. वर्षभरात ती लिंबाएवढी परत आली. केलॉइड नुसता कापला की बहुतेक वेळा पुन्हा येतो, हे त्यांना आधी कुणी सांगितलेच नाही. त्यात दर काही आठवड्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, सिलिकॉनची पट्टी महिनोन्‌महिने लावायला सांगतात, आणि कापलाच तर पाठोपाठ इंजेक्शन किंवा किरणोपचार करतात. (इथे स्टेरॉइड औषध आहे आणि ट्यूबमध्ये वैरी, ह्याचे सासूबाईंना फार नवल वाटले.) ज्यांच्या घराण्यात असे वण आहेत त्यांनी हौसेसाठी कानाला चार-चार भोके पाडू नयेत.

भाऊजींच्या हनुवटीखालच्या त्या दोन गाठींत आता दर महिन्याला इंजेक्शन असते. एक बरीच सपाट झाली आहे.

दाढी थांबवण्याची चिठ्ठी घेऊन ते कामावर गेले, तेव्हा सुपरवायझरने ती वाचली, घडी घालून परत दिली आणि त्यांना गेटवरून काढून मागच्या गोडाऊनवर रात्रपाळी दिली. अजून तिथेच आहेत. ट्रिमर मारलेली दाढी गेटवर चालेल का, हे विचारायला ते दर आठवड्याला जातात. घरी दाढी वाढलेली पाहून ह्यांनी जरा कुरकुर केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पवनारच्या विनोबांले कोनी इचारलं होतं का, दाढी काऊन ठेवली म्हणून?” ह्यांना उत्तर सुचले नाही.

ह्यांना माझेही त्याच रात्री सांगितले. ते म्हणाले, “मला वाटलं, तू चहा टाकायला लवकर उठतेस.” एवढेच. दुसऱ्या दिवशी नागपूरहून येताना ट्रिमर घेऊन आले, दोन. एकाच्या मुठीला मी लाल दोरा बांधला आहे, तो माझा.

कॉलरी आता सगळ्या कपड्यांबरोबरच धुते. गजकर्ण गेले, पण गोळ्या पूर्ण मुदतीच्या घ्यायच्या असल्यामुळे त्या चालूच आहेत, आणि भाऊजींचा टॉवेल वेगळा, उन्हात वाळवलेला. सेलूच्या मंडळींचा निरोप अजून नाही. माझी सोनोग्राफी पुढच्या गुरुवारी आहे. भाऊजींच्या इंजेक्शनची तारीखही त्याच दिवसाची मागून घेतली, म्हणजे एकाच गाडीने जाता येईल.